खोडकर बोक्याचं सोळा पानी कॉमिक: कोऱ्या कागदापासून पिन मारेपर्यंत

मुलांसाठी घरच्या घरी कॉमिक करायला बसणारे बहुतेक जण पहिल्या पानाच्या पहिल्या चौकटीत मांजर काढून मोकळे होतात. मांजर झकास जमतं. मग सातव्या पानावरच गोष्ट संपते, नाहीतर एकोणिसाव्यावरही संपत नाही. फुग्यात संवाद मावत नाहीत म्हणून अक्षरं मुंगीएवढी होतात. मुंबईच्या फोर्टातल्या प्रिंटवाल्याने "पानं चारच्या पटीत द्या" म्हटलं की रात्री बसून दोन पानं कशीबशी भरली जातात. या सगळ्याचं मूळ एकच, कामाचा क्रम उलटा असतो.

खाली दिलेला क्रम ए-५ आकाराच्या, १६ पानी, सेंटर पिन मारलेल्या कॉमिकसाठी आहे. वाचक ६ ते १० वर्षांची मुलं, आणि मांडीवर घेऊन वाचून दाखवणारे आजी-आजोबा. उदाहरणासाठी गिरगावातल्या एका चाळीतला बंड्या नावाचा बोका घेऊ. त्याचा डोळा जिन्यात चहा प्यायला टेकलेल्या कोळीण मावशींच्या टोपलीतल्या बांगड्यावर आहे.

## आधी हे जमवा

चित्रासाठी ए-४ आकाराचा, १८० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कार्ट्रिज कागद घ्या. वॉटरप्रूफ शाईची पेनं ०.३, ०.५ आणि ०.८ मिमी जाडीची. कच्च्या रेषांसाठी फिकट निळी पेन्सिल, स्टीलची पट्टी, खोडरबर आणि डमीसाठी, म्हणजे कॉमिकच्या कोऱ्या नमुन्यासाठी, झेरॉक्सचे साधे कागद. अब्दुल रहमान स्ट्रीटवर हे सगळं घाऊक भावात मिळतं, पण गठ्ठा उचलण्याआधी दोन सुटे कागद मागून पेन फिरवून बघा. रेषेच्या कडेने शाईला पाय फुटले तर तो कागद घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

थांबा: जून ते सप्टेंबर मुंबईत कागद हवेतलं पाणी पितो. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. शाई भरलेल्या पानावर लगेच खोडरबर फिरवू नका. वरून सुकलेली दिसणारी शाई दमट हवेत आतून ओलीच असते.

## टप्पा १: डमी बनवा

झेरॉक्सचे चार ए-४ कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर पिन मारा आणि पानांवर १ ते १६ आकडे घाला. आता पिन काढून कागद सुटे करून बघा. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५ दिसतील. आतल्या कागदांवर १४–३ व ४–१३, १२–५ व ६–११, १०–७ व ८–९. शेजारच्या दोन पानांची बेरीज प्रत्येक वेळी १७ येते. ती आली नाही तर आकडे चुकले.

या डमीतून तीन गोष्टी हातात येतात.

पहिली, १, २, १५ आणि १६ ही चार पानं एकाच कागदावर आहेत. म्हणजे जाड मुखपृष्ठ हवं असेल तर तेवढा एकच कागद जाड घ्यायचा. गोष्टीला उरतात ३ ते १४ ही १२ पानं. पान २ वर पात्रांची ओळख आणि प्रकाशनाची माहिती, १५ वर मुलांसाठी काहीतरी. इथे बरेच जण 'चित्र रंगवा' टाकतात आणि फसतात. मुखपृष्ठाच्या चकचकीत आर्ट कार्डवर पेन्सिल किंवा खडू धरत नाही. तिथे 'फरक ओळखा' द्या, बोटानेही दाखवता येतो.

दुसरी, पान उलटल्यावर जे दिसतं ते सम आकड्याचं पान असतं. धक्का, फजिती, "अरे बापरे!" हे सगळं ४, ६, ८, १०, १२, १४ यांपैकी एखाद्या पानाच्या सुरुवातीला हवं. विषम पानावर ठेवलंत तर मूल डावं पान वाचता वाचता उजवीकडचं बघून मोकळं होतं.

तिसरी, फक्त ८ आणि ९ ही आतली समोरासमोरची पानं एका सलग कागदावर येतात. दोन्ही पानांवर पसरलेलं मोठं चित्र तिथेच टाका. इतर जोड्यांमध्ये अर्धं चित्र एका कागदावर आणि अर्धं दुसऱ्यावर असतं, कापताना मिलिमीटरभर इकडे-तिकडे झालं की बोक्याच्या पाठीला पायरी पडते.

तपासा: डमी हातात धरून कोरी पानं उलटत गोष्ट तोंडी सांगून बघा. बाराव्या पानापर्यंत बोलायला काही उरलं नाही, तर गोष्ट छोटी आहे.

## टप्पा २: बोक्या पक्का करा

एका कागदावर बंड्या समोरून, तिरका, बाजूने आणि पाठीमागून काढा. शेजारी त्याच उंचीच्या हिशेबात मावशी, टोपली, जिन्याची एक पायरी आणि पाण्याची बादली. पान ५ वर बादलीएवढा असलेला बोका पान ११ वर त्याच बादलीत बुडतो, आणि मुलं हे बरोबर पकडतात.

अंगावर पट्टे द्यायचे तर मोजून द्या: शेपटीवर तीन, पाठीवर चार, संपलं. वाघासारखे भरगच्च पट्टे एका चित्रात देखणे दिसतात, पण पन्नास-साठ चौकटींत ते सांभाळता सांभाळता जीव जातो. डोळ्यावर काळा डाग असेल तर तो बोक्याच्या कोणत्या बाजूला हे कागदावर लिहून ठेवा, कारण बोका वळला की तुमचा हात तो डाग आपोआप आपल्याला दिसणाऱ्या बाजूला काढतो.

थोडं खरं मांजरही माहीत हवं. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार बोटं. उजेडात बाहुली उभ्या चिरेसारखी, अंधारात जवळजवळ गोल. शेपूट उभी आणि टोकाला किंचित वाकलेली म्हणजे स्वारी खुशीत. फटकारे मारणारी म्हणजे वैतागलेली. बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगली म्हणजे घाबरलेली. कान मागे चपटे झाले की राग किंवा भीती. कान, शेपूट आणि बाहुल्या या तिघांवर बोक्याचा सगळा अभिनय चालतो, त्याला माणसासारख्या भुवया चिकटवायची गरज पडत नाही. काळ्या-पांढऱ्या-नारिंगी तिन्ही रंगांचं मांजर रंगवणार असाल तर त्याला बोका म्हणू नका. असं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. तिचं नाव मनी ठेवा. रस्त्यावरच्या मांजराच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतं, ते सहसा नसबंदी झाल्याची खूण म्हणून. बंड्याला तसा कान दिलात तर ओळखणारे ओळखतील.

थांबा: गाजलेल्या कार्टून मांजरांची सावलीही पडू देऊ नका. लठ्ठ, नारिंगी, अर्धमिटल्या डोळ्यांचं मांजर काढलंत की वाचक ते दुसऱ्याचंच समजतो, आणि विकायला ठेवलंत तर कॉपीराइटचा प्रश्न येतो. ओळख झाकून बघायची सोपी पद्धत म्हणजे बोक्याची फक्त काळी छाया भरा. छायेवरून भलतंच नाव आठवलं तर कान, पोट किंवा शेपूट बदला.

## टप्पा ३: खोडी रचा

सगळ्यात जास्त कॉमिकं इथे कोसळतात. बोका फुलदाणी पाडतो, दूध सांडतो, उशी फाडतो, शेवटी सगळे हसतात. या झाल्या चार घटना, गोष्ट यात कुठेच नाही. एका सोळा पानी कॉमिकला एकच खोडी पुरते, पण तिला तीन अंगं हवीत: हाव, युक्ती आणि फजिती. फजिती युक्तीतूनच निघाली पाहिजे, वरून टाकलेली नको.

बंड्याची हाव बांगड्याची. युक्ती अशी: नळाखालची भरलेली बादली कलंडवायची, मावशी पाय वर घ्यायला उठल्या की टोपली मोकळी. शिंक्याचं तुटणार आणि बोक्याचं फावणार, असा त्याचा हिशेब. पण तेच पाणी पायऱ्यांवरून खाली येतं, बंड्या त्याच्यावरून घसरत थेट टोपलीत पडतो, आणि वर काय झालं हे न बघता मावशी टोपलीवर फडकं टाकून चालू लागतात. हे पान ७ वर संपतं. पान उलटलं की ८–९ वर पसरलेला मासळी बाजार: पापलेट, बोंबील, सुरमईचे ढीग, टोपलीतून डोकं वर काढलेला बंड्या, आणि त्याच्याकडे रोखून बघणारी बाजारातली वीस मांजरं. स्वर्गात पोहोचला, पण तिथे आधीच मालक बसलेत. पुढची पाच पानं आपोआप सुचतात.

ही गोष्ट शेवटाकडून रचा. आधी ८–९ काय आहे ते ठरवा, मग १४ वरची शेवटची चौकट, मग ३ वरची पहिली. मधली पानं भरायला सोपी असतात.

घरात सगळ्यांनी वाचायचं कॉमिक म्हणजे गुळमुळीत कॉमिक नव्हे. खोडी चांगली चरचरीत असू द्या, फक्त चार कुंपणं पाळा:

* मार बोक्यालाच बसू दे. मावशींची मासळी वाया गेली तर ती भरून निघाल्याचं दाखवा, निदान बंड्या रात्रभर टोपलीजवळ उंदरांवर पहारा देताना दिसू दे.
* मूल नक्कल करील अशी धोक्याची गोष्ट नको. गॅस, प्लग, लिफ्टचं दार, खिडकीच्या ग्रिलबाहेर उभं राहणं, लोकलच्या दारात लटकणं यांपैकी काहीच विनोदासाठी वापरू नका, बोक्याकडूनही नाही.
* मांजराला घातक ते खाऊ म्हणून दाखवू नका. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं मांजराला विषारी. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो. बहुतेक मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही, तेव्हा बशीत पाणी काढा.
* वॉचमन, भांडीवाल्या मावशी, कोळीण मावशी यांच्या बोलण्याच्या लकबीवर किंवा कामावर हसू काढू नका. त्या बोक्यापेक्षा हुशार निघाल्या तर विनोद जास्त चढतो.

तपासा: गोष्ट तीन वाक्यांत सांगा. हाव, युक्ती, फजिती अशी तीनच वाक्यं. चौथं लागलं तर दुसरी गोष्ट घुसली आहे, ती पुढच्या अंकासाठी ठेवा.

## टप्पा ४: संवाद लिहा, मग निम्मे कापा

पान आणि चौकट आकड्यांनी मांडून लिहा: पान ३, चौकट १, काय दिसतं, कोण बोलतं, आवाज काय. एका पानावर चार ते सहा चौकटी पुरेत.

बोक्या बोलतो का, हे इथेच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: माणसांसमोर त्याने म्यांवच करावं, त्याचे बेत विचारांच्या फुग्यात यावेत. बोलका बोका लगेच आगाऊ पोरगा होतो आणि मांजर हरवतं.

चित्रात दिसतंय ते संवादात सांगू नका. बादली कलंडलेली दिसत असताना "अरे, बादली कलंडली!" कशाला? तिथे नुसतं "धडाम्!" आणि खालून "कोण रे तो मेला!" एवढं बास. आवाजांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, ते वापरा: खळ्ळ, सर्रर्र, धप्प, टण्ण, खुडबुड, फिस्स. मुलं हेच शब्द पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचतात.

तपासा: सगळे संवाद वेगवेगळ्या आवाजांत मोठ्याने वाचा. आजी "तू हे काय केलेस?" असं छापील बोलत असतील तर ते "काय हे करून ठेवलंस!" असं करा.

## टप्पा ५: कच्चा आराखडा

काड्यापेटीएवढ्या चौकटींत सगळी पानं काढा. माणसं म्हणजे काड्या, बोका म्हणजे बटाटा. इथे फक्त कोण कुठे उभं आहे ते बघायचं.

नियम एकच, पण तो मोडला की वाचक अडखळतो: जो आधी बोलतो तो डावीकडे, त्याचा फुगा वर. मावशी आधी बोलणार आणि चौकटीत उजवीकडे बसल्यात, तर एक तर जागा बदला, नाहीतर त्यांचा फुगा वर चढवून डावीकडे आणा. शिवाय पहिल्या चौकटीत बंड्या डावीकडून उजवीकडे पळत असेल तर पाठलाग संपेपर्यंत त्याच दिशेने पळू द्या. मध्येच दिशा फिरली की तो परत आल्यासारखा वाटतो.

हा आराखडा डमीवर चिकटवा आणि गोष्ट माहीत नसलेल्या मुलाच्या हातात द्या. काही समजावू नका. बोट कुठे थांबतं, कुठे मागे जातं, तेवढं टिपा. या टप्प्यावर पान बदलायला पाच मिनिटं लागतात, शाई भरल्यावर अख्खी संध्याकाळ.

## टप्पा ६: आधी अक्षरं, मग चित्र

हा टप्पा सगळेच शेवटी ढकलतात, म्हणून जरा हिशेब मांडतो.

आपण ए-४ वर काढणार आणि ते ए-५ वर छापणार, म्हणजे सगळं साधारण ७१ टक्के होणार. ए-४ पानावर बाहेरच्या तिन्ही बाजूंना १४ मिमी आणि घडीच्या बाजूला १८ मिमी समास सोडा (८–९ वरच्या पसरलेल्या चित्रात मात्र घडीकडे समास नको). उरते १७८ बाय २६९ मिमी जागा. त्यात तीन ओळी, मध्ये ६ मिमीच्या फटी, की प्रत्येक ओळ सुमारे ८५ मिमी उंच. एका ओळीत दोन चौकटी घेतल्या तर प्रत्येकी ८६ मिमी रुंद. घडी डावीकडे आहे की उजवीकडे हे प्रत्येक पानावर डमी बघून ठरवा: विषम पानाला डावीकडे, सम पानाला उजवीकडे.

आता अक्षरं. छापल्यावर मुलांना वाचता यायला अक्षराचा मुख्य भाग ३ मिमीच्या आसपास हवा, म्हणजे मूळ पानावर साडेचार. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत १० मिमी अंतर ठेवा. या मापाने पंधरा शब्दांचा संवाद साधारण ६० बाय ५० मिमी जागा घेतो. ८६ बाय ८५ च्या चौकटीतला तो चाळीस टक्के भाग झाला! उरलेल्या जागेत मावशी, टोपली आणि बोका. म्हणून एका फुग्यात बारा शब्दांच्या वर जाऊ नका आणि दोन बोलके फुगे असतील तर प्रत्येकी सात-आठवरच थांबा.

क्रम असा: चौकटी आखा, शिरोरेषांच्या ओळी निळ्या पेन्सिलीने ओढा, अक्षरं लिहा, त्याभोवती फुगा काढा, मग उरलेल्या जागेत चित्र. फुगा आधी काढून त्यात अक्षरं कोंबली की शेवटचा शब्द तुटतो: "बांग-" एका ओळीत आणि "डा" खालच्या ओळीत.

संगणकावर अक्षरं टाकणार असाल तरी मोकळी जागा आत्ताच मोजून सोडा. फॉन्ट युनिकोडच घ्या. कलम किंवा बलू यांसारखे मोफत देवनागरी फॉन्ट मुलांच्या कामाला शोभतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींसाठीची मांडणी निवडली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपमध्ये सहसा हा त्रास होत नाही. ठासून म्हणायचा शब्द जाड करा किंवा मोठा करा, तिरका करू नका. तिरकं देवनागरी पडल्यासारखं दिसतं.

तपासा: एक पान झेरॉक्सवाल्याकडून ७१ टक्क्यांवर काढून आणा आणि हातभर अंतरावरून वाचा. आजी चष्मा पुसायला लागल्या तर अक्षरं लहान आहेत.

## टप्पा ७: पेन्सिल आणि शाई

आता चित्र. सगळी पानं आधी पेन्सिलीत पूर्ण करा, मग शाईला हात लावा. एकेक पान संपवत गेलं की पान ३ वरचा बोका आणि पान १३ वरचा बोका चुलतभाऊ दिसतात. पात्रांचा कागद समोरच्या भिंतीवर टाचलेला असू द्या.

शाईत बाहेरची रेषा ०.८, आतले तपशील ०.५, मिशा आणि पोत ०.३. लहान होताना ०.३ ची रेषा ०.२ च्या आसपास येते, त्याहून बारीक पेन वापरू नका, छपाईत तुटतं. चौकटीच्या कडा सगळ्यात शेवटी.

उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे सरका, आणि तळव्याखाली कोरा कागद ठेवा. मे महिन्यात घामेजलेला हात सुकलेली शाईही उचलतो.

## टप्पा ८: स्कॅन आणि रंग

फोनने फोटो काढून चालत नाही, कडा वाकतात आणि एका बाजूला सावली येते. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि टिफ किंवा पीएनजी ठेवा.

स्कॅन साफ करताना डोळ्यात तेल घाला. 'धूळ काढा' असं बटण दाबलं की सॉफ्टवेअर कागदावरच्या ठिपक्यांबरोबर अनुस्वारही उडवतं. "आलं" चं "आल" होतं, "मांजर" चं "माजर". हाताने लिहिलेले अनुस्वार मुळातच ०.८ च्या पेनने, ठसठशीत द्या.

रंग थोडे ठेवा: बोक्याचा एक, मावशींच्या लुगड्याचा एक, भिंतीचा एक, मासळीचा चंदेरी-निळा. पडद्यावर झगमगणारा पोपटी किंवा गडद निळा कागदावर मळकट येतो, कारण पडदा आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात दाखवतो आणि छपाई सीएमवायकेत, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत होते. रंगांच्या सगळ्या फायली छपाईच्या मापात ३०० डीपीआयच्या खाली जाऊ देऊ नका. बोका काळा असेल तर त्याला पूर्ण काळा भरू नका, गडद करडा-निळा भरा, म्हणजे आतल्या रेषा दिसतात. अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १००. चारही रंग मिसळून बनवलेलं काळं अक्षर छापताना केसभर सरकलं तरी त्याला रंगीत सावली पडते.

## टप्पा ९: छापखान्यासाठी फाइल

आतल्या पानांना बाहेरच्या तिन्ही बाजूंनी पांढरा समास असल्यामुळे कापायचा त्रास नाही. हा समास मुद्दाम सुचवला आहे. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं तर प्रत्येक बाजूला ३ मिमी जास्त काढावं लागतं, आणि मोठ्या मापात ते ए-४ कागदाबाहेर जातं, मग ए-३ कागद आणि ए-३ स्कॅनर शोधत फिरा. कडेपर्यंतचं चित्र फक्त मुखपृष्ठाला ठेवा. तेही पाठ डावीकडे आणि तोंड उजवीकडे असं एकत्र काढा: २९६ बाय २१० मिमी, अधिक चारही बाजूंना ३ मिमी, म्हणजे ३०२ बाय २१६. हे एकच चित्र संगणकावर करा किंवा मोठ्या कागदावर काढून स्कॅनच्या दुकानात न्या.

आतली पानं सुटी, २, ३, ४ अशा सरळ क्रमाने १५ पर्यंत एका पीडीएफमध्ये द्या. २–१५, १४–३ अशी जोडणी छापणारे करतात. तुम्ही आधीच जोडून दिलीत तर ते पुन्हा जोडतात आणि सगळा गोंधळ होतो. घरच्या प्रिंटरवर काढणार असाल तर 'बुकलेट' पर्याय निवडा आणि दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद छोट्या कडेवर उलटायला सांगा, नाहीतर प्रत्येक दुसरं पान उलटं येतं.

मजकूर कर्व्ह करून (अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून) द्या, म्हणजे त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलणार नाहीत. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून न कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

थांबा: व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेलं पान दाबलं जातं आणि रेषा फाटतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

## टप्पा १०: प्रूफ, छपाई, बांधणी

भाव विचारताना पाच गोष्टी एकदम सांगा: तयार आकार ए-५, १६ पानं, आत अमुक कागद, मुखपृष्ठ अमुक, सेंटर पिन. आतल्या पानांना १०० जीएसएम मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद चांगला. तो मुलांच्या हातात चुरगळतो, पण चकाकत नाही आणि त्यावर रंगवताही येतं. रंग ठळक हवे असतील तर १३० जीएसएम आर्ट पेपर. मुखपृष्ठाला २०० ते २५० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून मॅट लॅमिनेशन. एवढ्या जाडीला दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं, लागतंच, नाहीतर घडीवरचा रंग तडकतो.

शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल प्रिंट परवडतं. फोर्टातल्या गल्ल्यांत किंवा लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत चौकशी करा, आणि निदान तीन ठिकाणचे भाव घ्या. हजारावर जाणार असाल तर ऑफसेट. त्यात छपाईच्या धातूच्या प्लेटचा खर्च आधीच होतो, म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. दिवाळीच्या आधीचे दोन महिने टाळा. दिवाळी अंक, कॅलेंडरं आणि डायऱ्या यांत तुमच्या शंभर प्रतींचा नंबर शेवटी लागतो.

पैसे भरण्याआधी त्याच कागदावर एक पूर्ण प्रत पिन मारून मागा. पडद्यावर दाखवलेल्या प्रूफवर "ओके" म्हणू नका. प्रत हातात आली की या क्रमाने बघा: पानांचे आकडे, ८–९ वर चित्र घडीत नीट जुळतं का, कापताना कुठला फुगा कडेला चिकटला का, अनुस्वार आणि रफार सगळे आहेत का, आणि पिन घडीवरच आहे की शेजारी. पिनेची टोकं आत नीट दुमडलेली हवीत, हे मुलांचं पुस्तक आहे. मग पुस्तक उलटं धरून झटका. पान हललं तर पिन सैल आहे.

## टप्पा ११: विकणार असाल तरच

वाढदिवसाला वाटायचं असेल तर हा भाग सोडून द्या.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र आणि मजकूर तयार होताच हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. गोष्ट एकाची आणि चित्रं दुसऱ्याची असतील तर कोणाचा वाटा किती आणि बंड्या पुढच्या अंकात कोणी वापरायचा हे सख्ख्या बहिणीशीही कागदावर लिहून घ्या. दुकानात ठेवायला सहसा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो, पण वेळ लागतो, म्हणून टप्पा ६ ला असतानाच अर्ज टाका. क्रमांकासाठी पान २ वर आणि त्याच्या बारकोडसाठी पान १६ वर पांढरी जागा आधीच सोडलेली असावी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायची असते. गठ्ठा मोजताना या चार प्रती आधीच बाजूला काढा.

उरलेले गठ्ठे फरशीवर ठेवू नका, खाली फळी आणि वर प्लास्टिक हवं. एक प्रत टेबलावर लाल पेनासकट ठेवा. येणारा-जाणारा जी चूक दाखवील ती तिच्यातच त्या पानावर खुणावा, म्हणजे दुसऱ्या खेपेला न कर्व्ह केलेली फाइल उघडून सगळ्या दुरुस्त्या एका बैठकीत होतात.